फक्त अण्णांसाठी

९ जानेवारी

दाढ काढली! सरकारी दवाखान्यात. रांगेत बसून पाय आखडले, पण काढायचं काम चुटकीसरशी. दातांचे डॉक्टर हळहळले. "अहो, वाचली असती ही. बाहेर कुठे दाखवलं असतं तर आतून साफ करून वर टोपी बसवली असती." म्हटलं, टोपीबिपी नको, उपटा. ते हसले. मला हसता येईना — तोंडात कापूस.

टोपीला पैसे नव्हते असं नाही. कपाटात आहेत. पण ते अण्णांचे. धाकटा भाऊ परदेशातून पैसे पाठवतो तेव्हा खाली दोनच शब्द टाकतो — 'फक्त अण्णांसाठी'. एकदा मी त्यातून गॅस भरला आणि फोनवर सांगून टाकलं. "ठीक आहे गं ताई," म्हणाला. पण म्हणण्याआधी जरा थांबला. तेवढं थांबणं मला पुरलं. तेव्हापासून हात नाही लावला.

दाढ माझ्या पैशातून. म्हणजे लोकांच्या आखूड केलेल्या पॅन्टींतून.

१० जानेवारी

गाल टम्म. अण्णा म्हणाले, "एका बाजूनं तरी खात्यापित्या घरची दिसतेस!"

१२ जानेवारी

आज अण्णांचं डायलिसिसचं मशीन. आठवड्यातून तीनदा रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत. "इस्त्री तेवढी राहते," म्हणतात अण्णा. मशीनवाली मुलगी हसते. जन्मभर वीजमंडळात लाइनमन, खांबांवर चढून लोकांच्या घरात उजेड केला आणि आता स्वतःच वायरला जोडलेले — हेही त्यांचंच वाक्य. तिथे विनोद करतात. परत येताना रिक्षात एक शब्द नाही. हात नुसता मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याचा असल्यासारखा.

हा दवाखाना धाकट्याच्या पैशाचा. थंडगार खोली, भिंतीवर टीव्ही, खुर्ची मागे कलते. काउंटरवरच्या बाईला आमचं सगळं माहीत. "मुलगा बाहेर असतो ना तुमचा?" एकदा कळलं की झालं! तेव्हापासून डॉक्टर कुठलीही तपासणी लिहिताना वर बघत नाहीत. पूर्वी बघायचे. माणसाच्या चपलांकडे बघून लिहायचे.

पूर्वी आमच्याकडे ताप यायचा आणि जायचा. दवाखान्याला कळायचंही नाही. आता अण्णा शिंकले तरी छातीचा फोटो!

मी तक्रार करत नाही. आईच्या वेळचं आठवतं. वॉर्डात जागा नव्हती, कॉरिडॉरमध्ये गादी. रोज एक चिठ्ठी — 'हे बाहेरून आणा'. धाकटा चिठ्ठी घेऊन जायचा आणि तशीच परत आणायचा. शेवटी शेवटी तर औषधाच्या दुकानापर्यंतही जायचा नाही, कोपऱ्यावर उभा राहून यायचा. आई गेली आणि वर्षाच्या आत तो तिकडे गेला. विमानतळावर मला म्हणाला होता, "आता चिठ्ठी परत येणार नाही."

आली नाही. शब्दाचा पक्का आहे.

२१ जानेवारी

अण्णा चोरून पाणी प्यायले. मोरीत, नळाला तोंड लावून. दिवसाला मोजकंच पाणी चालतं त्यांना. मी आरडाओरडा केला, लहान पोराला करावा तसा. दाढीवरून पाणी टपकत होतं. म्हणाले, "तुला अशी तहान कधी लागली नाही, म्हणून ओरडतेस."

मग बर्फाचा खडा दिला चघळायला. दोघंही मान खाली घालून बसलो.

२८ जानेवारी

आत्या आली. बरोबर तिच्या दिराची फाइल! डोळ्याचं ऑपरेशन करायचंय म्हणे, धाकट्याच्या कानावर घालशील का. असतील शितं तर जमतील भुतं. मी म्हटलं, पैसे फक्त अण्णांसाठी येतात. "हो का? मग तू काय हवा खातेस?" म्हणाली. अण्णांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरांनी आत बोलावलं. मशीन किती दिवस पुरणार, हृदयावर ताण येतोय वगैरे. मग म्हणाले, "किडनी बदलता येईल. वय जास्त आहे, पण बाकी गडी काटक आहे. घरातलं कुणी देणारं आहे का?"

आणि माझ्याकडे बघितलं. मी फाइलकडे बघितलं. फाइलवर दवाखान्याचं चित्र आहे — एक हात दुसऱ्या हातावर ठेवलेला.

रक्तगट एकच निघाला. आहेच. मला शाळेपासून माहीत होता.

४ फेब्रुवारी

धाकट्याचा व्हिडिओ कॉल. शीतगृहात काम करतो, मागे छतापर्यंत खोकी, तोंडातून वाफ. जाड हातमोज्यात फोन धरलेला, त्यामुळे अर्धा वेळ अंगठाच दिसतो.

डॉक्टरांनी त्याला आधीच फोन केला होता. पैसे भरणारा तो ना.

"ताई, मी दिली असती गं. देवाशपथ. पण इथे वजन उचलायचं काम. ऑपरेशन म्हटलं की हे लोक तिकीट हातात ठेवतात. मग पुढचं कसं करणार? नंतरची औषधंसुद्धा जन्मभर असतात." बरोबर आहे. हेच तर वाईट — त्याचं नेहमी बरोबरच असतं. त्याचा पैसा यायला हवा, म्हणून त्याचं अंग शाबूत हवं. माझा कुठे पैसा येतोय?

आत्याही बसली होती. "तुला काय, कोण विचारणारं आहे? ना नवरा, ना सासू." म्हणजे सोय! माझं लग्न राहून गेलं त्याचा इतक्या वर्षांनी कुणालातरी उपयोग झाला.

अण्णा काही बोलले नाहीत. टीव्हीवर कुठल्यातरी समुद्रातले मासे चालले होते. बघत राहिले.

५ फेब्रुवारी

दुकानात दिवसभर चेन बदलल्या. मास्तर म्हणाले, "आज शिलाई वाकडी जातेय." माझी कधी जात नाही.

१५ फेब्रुवारी

तपासण्या सुरू. माझ्या! आज हृदयाची. थंड जेल लावून डॉक्टरीणबाई पडद्यावर दाखवत होत्या, "हे बघा, झडप किती छान उघडते." माझी झडप! पहिल्यांदा ओळख झाली. परवा पोटाची, मग आणखी कसली कसली. चकचकीत गाऊन, चपला त्यांच्याच, तपासणीनंतर चहा-बिस्किटं. बिल धाकट्याकडे.

आयुष्यात माझ्यावर एवढा खर्च कुणी केला नव्हता. गंमत वाटली. मग गंमत वाटेनाशी झाली.

येताना काउंटरवरची बाई म्हणाली, "भाऊ सोन्यासारखा आहे हं तुमचा." म्हटलं, आहे.

२० फेब्रुवारी

अंग निरोगी. जुळतंयही. फक्त रक्त थोडं कमी आहे, त्याला गोळ्या. आत्या रोज दुधाची पिशवी घेऊन येतेय. आजवर चहालासुद्धा दूध आमचंच प्यायली. बोकडाला आधी चारा घालतात —

छे. असं लिहू नये.

लिहिलं.

२४ फेब्रुवारी

मी एका शब्दाची वाट बघतेय. अण्णांनी एकदा 'नको' म्हणावं. खरं नको, मनापासून नको, असं नव्हे. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणावं. घरात पाहुण्याला नाही का आपण 'बसा की अजून' म्हणतो, तसं. मग मी म्हणेन, "असं कसं अण्णा, मी देणारच." आणि कदाचित देईनही.

म्हणत नाहीत. माझ्या गोळ्यांची वेळ मात्र आठवण करून देतात.

२७ फेब्रुवारी

आज अण्णांची नखं कापत होते. ऊन खिडकीतून पलंगावर आलेलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, पण बोटं ताठ केली.

"रागावलीस?"

"कशाला?"

"मी गप्प आहे म्हणून."

मी नखंच कापत राहिले.

"मला जगायचंय गं," म्हणाले. "लाज वाटते या वयात सांगायला. सगळं झालं माझं. पण सकाळी जाग आली की बरं वाटतं. काय करू?"

काय करणार! रडले असते तर बरं. रडले नाहीत. खरं तेच सांगत होते. मला वाटलं, माणूस खोटं बोलला तर त्याच्यावर रागावता तरी येतं.

करंगळीचं नख राहिलं. तेही कापलं.

३ मार्च

दवाखान्यात एक बाई असतात, देणाऱ्याशी एकटीनं बोलायला. दारावर मोठं नाव आहे हुद्द्याचं. मी मनात त्यांना समजुतीच्या बाई म्हणते. वाटलं, घाबरू नका, पुण्याचं काम आहे, असं सांगतील. आत्या आत येत होती तर बाईंनी तिला बाहेर बसवलं. दार लावलं.

"तुम्हाला द्यायचीय का?"

मी म्हटलं, जुळतेय ना.

"ते मला माहीत आहे. तुम्हाला द्यायचीय का, ते विचारतेय."

गेल्या पंधरवड्यात रक्त घेतलं, लघवी घेतली, फोटो काढले, झडप बघितली. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखी उभी — म्हणजे बसलेच होते.

बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की वैद्यकीय कारणामुळे यांची घेता येत नाही. कारण विचारलं तरी सांगत नाही. कुणाला कळणार नाही. कधीच. हो म्हणालात तरी तुमच्याच तोंडून ऐकायचंय मला, दुसऱ्या कुणाच्या नाही."

म्हटलं, विचार करून सांगते. बाहेर आत्या — "काय म्हणाल्या? तारीख दिली?"

५ मार्च

दुकानात ती 'सिस्टर' आली होती. सिस्टर आम्ही म्हणतो, नर्स नाही. म्हातारी माणसं सांभाळायचा कोर्स केलाय, आता तिकडे बाहेर चाललीय, एका घरी राहून काम. गणवेश कमरेत आत घ्यायचा होता. टाचण्या लावता लावता मी विचारलं, कोण असतं तिथे? म्हणाली, "एक आजोबा. उचलायचं, बसवायचं, औषधं द्यायची, बडबड ऐकायची. पैसे चांगले."

मी म्हटलं, हे तर मी फुकट करते!

ती हसली नाही. आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "मग तुम्ही का नाही येत?"

टाचणी बोटात गेली.

६ मार्च

नाही म्हणाले.

बाईंनी मान हलवली, एक सही घेतली. पाणी दिलं. मी ते सगळं प्यायले.

का नाही, ते इथे तरी लिहावं. भीती आहे. पण नुसती भीती नाही. दिली की मी संपले. मग या घरात मी कायमची — देणारीही मी, सांभाळणारीही मी, कुठे जायचं म्हटलं तर "तुझ्या अंगाला आता जपायला हवं". जी एक गोष्ट फक्त माझी होती तीही अण्णांसाठी.

आणि माझा बाप पाण्यासाठी नळ चोखतो. तेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

७ मार्च

थाप पचली. आत्या म्हणाली, "नशीब एकेकाचं," आणि दूध बंद. धाकटा फोनवर रडला. मला वाटलं, अण्णांसाठी. तर म्हणाला, "ताई, तुला काही झालं नाहीये ना? काय कारण आहे? मी पैसे पाठवतो, तू नीट दाखव." पहिल्यांदाच 'तुझ्यासाठी'! आणि तेही माझ्या खोटेपणावर.

अण्णांनी डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तुझ्या हातात काय होतं?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

१८ मार्च

धाकट्यानं कंत्राट वाढवलं. मशीन चालू ठेवायला हवं ना. बोलता बोलता सहज कळलं — त्याची पाठ धरते. कमरेला पट्टा बांधून काम करतो. मी म्हटलं, दवाखान्यात जा. "इथला दवाखाना परवडतो का गं? तिकडे आल्यावर दाखवीन." तिकडे कधी येणार? "बघू."

म्हणजे ज्याच्या पैशानं दवाखाना चालतो त्यालाच दवाखाना नाही.

२२ मार्च

सांगितलं अण्णांना. राहवेना. तो हात सारखा डोक्यावर येत होता, गोड बोलत होते — सोसवेना. भाजी निवडत होते, मान वर न करता सांगितलं. "अण्णा, माझी चालत होती. मीच नाही म्हणाले."

अण्णांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

२४ मार्च

मशीनवर विनोद केला नाही. मुलगी मला विचारते, "आज आजोबांना बरं नाहीये का?"

२६ मार्च

अजून गप्प. जेवतात, गोळ्या घेतात, माझ्या हातून घेतात. बोलत नाहीत. मीही नाही. दोघांच्या घरात असं वागायला फार जागा लागते. आमच्याकडे एकच खोली आणि स्वयंपाकघर!

२९ मार्च

बोलले! रिक्षात. रिक्षा सिग्नलला थांबलेली.

"मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही," म्हणाले. "तू नाही म्हणालीस. फिटंफाट."

मी मांडीवरची फाइल सरळ केली.

"आता सांग, तुला काय हवंय? आधी विचारायचं राहिलं."

मला स्वतःलाच माहीत नव्हतं, पण तोंडातून सिस्टरचं सगळं बाहेर आलं. कोर्स, बाहेरचं घर, गणवेश. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे स्वतःचा बाप सोडून दुसऱ्याचा बाप सांभाळणार?"

"त्याचे पैसे मिळतात अण्णा."

ते एकदम हसायला लागले. मीही. इतकं, की रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. अण्णांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. ते पाणी चालतं, त्याला मोजमाप नाही.

५ एप्रिल

अण्णांनी स्वतः फोन लावला. मला समोर बसवून.

"पाठ मोडायच्या आत परत ये," धाकट्याला म्हणाले. तो म्हणाला, "आणि मशीन?" "ताई जाईल. ती पाठवील."

तिकडे नुसता पंख्यांचा आवाज. मग — "ताईला काय जमणार तिकडे? भाषा येत नाही, काही नाही." मी म्हटलं, तुला कुठे येत होती? "माझी गोष्ट वेगळी." "कशी?"

अण्णांनी फोन घेतला. "हे बघ. खांबावर एक जण चढतो, खाली एक जण शिडी धरतो. वरचा दिसतो, त्याला शाबासकी मिळते. पण खालच्यालाही कधीतरी वर चढू द्यावं लागतं. नाहीतर वर बघून बघून त्याची मान मोडते."

तो म्हणाला, विचार करतो. ठेवताना म्हणाला, "अण्णा, मला पण कंटाळा आलाय." केवढा लहान आवाज! आईच्या वेळी कोपऱ्यावर उभा राहायचा तेव्हाएवढा.

९ एप्रिल

आत्याला कळलं. "बाईमाणूस एकटी परक्या घरात? लोक काय म्हणतील!" किडनी काढताना लोक काही म्हणणार नव्हते वाटतं.

११ जून

कोर्सची परीक्षा. रबरी म्हाताऱ्याला कुशीवर वळवायचं होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "याआधी केलंय का हे?" म्हटलं, थोडंफार.

२० जुलै

धाकटा येऊन आठवडा झाला. केस पांढरे! पोट सुटलंय, कमरेत वाकून चालतो. मी आणि अण्णा त्याच्याकडे बघतच राहिलो — फोनमध्ये तर अंगठाच दिसायचा. अण्णांच्या पाया पडायला वाकला तो वर येईना. हात देऊन उठवला.

आठवडाभर त्याला सगळं शिकवतेय. क्षार जायला भाजी उकडून पाणी कसं टाकायचं, मशीनची सुई टोचतात त्या हातावर वजन कसं येऊ द्यायचं नाही, पाण्यासाठी कसं रागवायचं आणि कधी नाही रागवायचं. मशीनवर सुई आत जाताना तो खोलीबाहेर गेला. इतकी वर्षं त्याच सुईचे पैसे पाठवले आणि सुई बघितली नव्हती.

३० जुलै

आज मी तिकडे निघाले, एका आजीबाईंना सांभाळायला. विमानतळावर काहीतरी म्हणायला हवं होतं मला, त्यानं म्हटलं होतं तसं. सुचलं नाही. "पाठ दाखवून घे," एवढंच म्हटलं.

१४ ऑगस्ट

आजीबाईंचं घर मोठं आहे. माझी खोली कपडे धुवायच्या यंत्राला लागून. दाराला बाहेरून कडी नाही, पण बाहेर जायचं कुठे? आजीबाईंना एकटं सोडायचं नाही, हा नियम. सुट्टीच्या दिवशी त्यांची मुलगी येते तेव्हा मी रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येते. बाकी खिडकी.

आगीतून फुफाट्यात का? नाही ठरवता येत. आजीबाई बडबडत नाहीत. मी मराठीत बडबडते, त्या मान हलवतात. बरं चाललंय.

३० सप्टेंबर

पैसे पाठवले! रस्त्याच्या टोकाच्या दुकानातल्या यंत्रानं पडद्यावर विचारलं — कशासाठी? एक चौकट भरायची असते. काय लिहू? बराच वेळ उभी. मागे रांग. 'घरखर्च' लिहिलं. त्यात गॅस भरला तर चालेल त्यांना.

८ नोव्हेंबर

कंबर दुखतेय. आजीबाई जड आहेत. गोळी घेतली. दवाखान्याचं इथलं बिल आजीबाईंच्या मुलीकडून ऐकलं आणि दुखायचं थांबलंच!

१७ डिसेंबर

दुपारी आजीबाई झोपल्यावर धाकट्याचा फोन. उगाच हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "ताई, माझ्या तपासण्या केल्या. जुळतंय." आत्यानं विषय काढला होता — तू आता घरीच आहेस, ताईचे पैसे येतच आहेत, तुला काय अडचण? अण्णा काही बोलले का, मी विचारलं. "नाही. टीव्ही बघत होते."

"उद्या कुठल्यातरी बाईंनी एकट्याला बोलावलंय," म्हणाला. "काय विचारतात गं?"

मला माहीत होतं काय विचारतात, आणि नाही म्हटलं तर कुणाला कळत नाही, तेही. सांगायला तोंड उघडलं. शेजारी आजीबाईंनी कूस बदलली, मी आवाज खाली आणला.

"काही नाही, असंच," म्हटलं. आणि विचारलं, "ऑपरेशन कधी?"